ट्रॅक्टर डिझेल जास्त पितो? आधी माप, मग आळ



मागच्या खेपेला आपण उन्हाळी नांगरट केव्हा करावी आणि किती खोल करावी, याचा विचार केला. त्यानंतर गावोगावी फिरताना एकच प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर आला. "साहेब, नांगरट करायला हवी हे पटते. पण आताशा ट्रॅक्टर डिझेल फार पितो. पूर्वी एवढ्या डिझेलात दोन एकर व्हायचे, आता दीडही होत नाही. काय करावे?"

हा प्रश्न विचारणारा माणूस बहुतेक वेळा उत्तर मनात ठरवूनच आलेला असतो. कोणी म्हणतो इंजिन गेले, आता उतरवावे लागणार. कोणी म्हणतो पंपावर भेसळ होते. आणि कोणी आवाज बारीक करून म्हणतो, ड्रायव्हर डिझेल काढून विकतो. या तिन्ही गोष्टी जगात घडतात, नाही असे नाही. पण मोजमाप न करता यांपैकी कशावरही बोट ठेवले, तर पहिल्यात पैसा जातो, दुसऱ्यात भांडण होते आणि तिसऱ्यात माणूस जातो. तिसरी गोष्ट मी गेल्या वर्षी अगदी जवळून पाहिली. म्हणून आज आधी ती हकीकत सांगतो आणि तिच्याच आधाराने डिझेलचा हिशोब कसा लावायचा ते पाहू.

भीमेच्या काठचे एक गाव. गावाचे आणि माणसाचे नाव सांगत नाही, कारण अशी घरे प्रत्येक तालुक्यात आहेत. आपण त्यांना अण्णा म्हणू. अण्णांची अठरा एकर काळी जमीन. निम्म्यात ऊस, निम्म्यात ज्वारी-हरभरा. दारात पंचेचाळीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर, बारा वर्षे वापरलेला. त्यातली नऊ वर्षे एकच ड्रायव्हर त्यावर बसलेला. पाडव्याला दहा-बारा दिवस होते. मी ठिबकच्या पाहणीला गेलो होतो. काम झाल्यावर अण्णांनी बसवून घेतले आणि म्हणाले, "साहेब, या पाडव्याला ड्रायव्हरचे साल संपवतो. नवा माणूस बघा कोणी."

मी विचारले, "का हो? एवढा जुना माणूस."

"जुना आहे म्हणूनच बेडर झालाय. एकरी साडेसात लिटरात नांगरट व्हायची. औंदा साडेदहा लागतात. वरचे तीन लिटर जातात कुठे? ट्रॅक्टर काय रात्री उठून पितो?"

ही गोष्ट अण्णा पारावर चार माणसांत बोलूनही बसले होते. बंधूंनो, खेड्यात असा शब्द एकदा सुटला की तो त्या माणसाच्या आधी पुढच्या गावात पोचतो. चोर म्हणून काढलेल्या ड्रायव्हरच्या हाती कोण आपला ट्रॅक्टर देणार?

तेवढ्यात चहा घेऊन वहिनी आल्या. त्या म्हणाल्या, "साहेब, मला यांत्रिक काही कळत नाही. पण हे तेवढे बघा." आणि त्यांनी भिंतीवरची दिनदर्शिका काढून माझ्यापुढे ठेवली. त्या घरात दुधाचा हिशोब वहिनींकडे. रोजच्या चौकोनात दुधाचे लिटर लिहिलेले आणि ज्या दिवशी डिझेलचा कॅन आला, त्या दिवशी कोपऱ्यात त्याचाही आकडा. कोणता तुकडा नांगरला तेही दोन शब्दांत.

आम्ही बोट ठेवून वाचत गेलो. माघात अण्णांनी टाकीला कुलूप लावले होते. किल्ली त्यांच्या करगोट्याला. कुलूप लावल्यानंतर दोन एकरांना एकवीस लिटर लागले, म्हणजे एकरी साडेदहाच. पुढे फाल्गुनात ड्रायव्हर आठ दिवस सासुरवाडीला गेला होता. त्या दिवसांत अण्णांच्या मुलाने तीन एकर नांगरले. डिझेल लागले एकतीस लिटर. म्हणजे एकरी सव्वादहाच्या पुढेच. ड्रायव्हर गावात नव्हता, तरी डिझेल तेवढेच गेले होते.

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मग डिझेल जाते कुठे?" मी म्हटले, "आता तुमचा प्रश्न बरोबर झाला. उद्या सकाळी ट्रॅक्टर रानात घ्या. आणि ड्रायव्हरलाही बोलवा."

आता आपण काय केले ते पायरीपायरीने सांगतो. आपल्या घरी हेच करून पाहावे.

पहिली पायरी : मोजणे

'जास्त लागते' हे माप नव्हे. नांगरटीला एकरी किती लिटर आणि वाहतुकीला लिटरमागे किती किलोमीटर, एवढे दोन आकडे आपल्यापाशी हवेत. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करावा. चाके जेथे टेकली तेथे खूण करावी. टाकी गळ्यापर्यंत भरावी. निदान एक एकर, जमल्यास दोन एकर काम करावे. मग ट्रॅक्टर पुन्हा त्याच खुणेवर उभा करून टाकी त्याच रेघेपर्यंत भरावी. दुसऱ्या वेळी जेवढे डिझेल मावले, तेवढे त्या कामाला लागले. जागा तिरकी असेल तर लिटर-दोन लिटरची चूक सहज होते आणि तेवढ्या चुकीवर माणूस चोर ठरतो, हे ध्यानात ठेवावे. डिझेल घालायला खुणेचे माप वापरावे, घरातला पोचा पडलेला डबा नको.

क्षेत्रही अंदाजाने धरू नये. तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद म्हणजे एक गुंठा, असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. टेप धरावा किंवा हल्ली मोबाइलवर क्षेत्र मोजता येते ते पाहावे. सातबाऱ्यावर दोन एकर असले तरी बांध, विहीर, पाट आणि झाडोरा वजा जाता नांगरट पावणेदोनच एकर झालेली असते.

तासाचे मापही घ्यावे, पण घड्याळाचे. जुन्या ट्रॅक्टरवरचे यांत्रिक मीटर इंजिनाच्या फेऱ्या मोजून तास दाखवते. रेस कमी असली की त्याचा तास घड्याळाच्या तासापेक्षा मोठा होतो. म्हणून एका मोसमात मीटर आणि दुसऱ्या मोसमात घड्याळ, अशी तुलना करू नये. पंचेचाळीस अश्वशक्तीच्या आसपासच्या ट्रॅक्टरला हलक्या कामात तासाला तीनेक लिटर आणि जड नांगरटीत सहा-सात लिटरपर्यंत डिझेल लागू शकते. म्हणजे कोणते काम ते सांगितल्याशिवाय तासाच्या आकड्याला अर्थ नाही.

दुसरी पायरी : काय बदलले?

खप वाढला तेव्हापासून काय बदलले, हे आठवावे. अवजार नवे आले का? खोली वाढली का? टायर बदलले का, हवा वाढवली का? जमीन जास्त वाळलेली किंवा जास्त ओली होती का? मध्ये काही दुरुस्ती झाली का? शेताऐवजी वाहतुकीचे काम वाढले का? आणि हे सगळे जो माणूस सीटवर बसतो, त्याला सर्वांत आधी विचारावे.

त्या सकाळी मी ड्रायव्हरला हेच विचारले. तो मान खाली घालून उभा होता. म्हणाला, "मी दिवाळीनंतरच अण्णांना बोललो होतो. टायर फिरतोय, पण ट्रॅक्टर तेवढा पुढे जात नाही." अण्णांनी ते ऐकले होते आणि सोडून दिले होते. नवीन टायरचा खर्च काढतोय, असे त्यांना वाटले होते.

तिसरी पायरी : बाहेरून आत, फुकटापासून महागाकडे

दोष शोधताना आधी डोळ्यांना दिसणारे आणि बिनखर्चाचे पाहावे. पाना सर्वांत शेवटी उचलावा. एका वेळी एकच बदल करावा आणि पुन्हा मोजावे. चार गोष्टी एकदम केल्या तर कशाने गुण आला ते कळत नाही.

गळती. रात्री ट्रॅक्टर उभा असताना टाकी, कॉक, नळ्या आणि फिल्टरखाली कोरडा पुठ्ठा ठेवावा. सकाळी डाग दिसला तर त्याच्या वरचा जोड शोधावा. थेंब पडत असतील तर खाली वाटी ठेवून दिवसात किती जमते ते पाहावे, म्हणजे थेंबाची किंमत कळते. अण्णांच्या ट्रॅक्टरला गळती नव्हती.

हवा. इंजिन डिझेल पिते तशी हवाही पिते आणि हवा कमी पडली की डिझेल पुरते जळत नाही. तेलाच्या वाटीचा एअर क्लीनर असेल तर धुळीच्या दिवसांत वाटी रोज उघडून पाहावी. तेलाखाली चिखलाचा थर बसला असेल तर ते तेल टाकून द्यावे, वाटी आणि जाळी रॉकेल किंवा डिझेलने धुवावी, जाळी निथळू द्यावी आणि नवे तेल खुणेपर्यंतच भरावे. खुणेच्या वर भरले तर तेल इंजिनात ओढले जाते. कागदी फिल्टर असेल तर तो धुवू नये आणि आपटू नये. पुस्तिकेत सांगितले असेल तरच आतून बाहेर अशी हलकी हवा मारावी आणि वेळ झाली की बदलावा. अण्णांच्या वाटीत बोटभर गाळ निघाला. साफ करून पुन्हा एक एकर मोजले. साडेदहाचे सव्वादहा झाले. फरक थोडा, पण धूर स्वच्छ झाला आणि इंजिनात जाणारी धूळ थांबली, हा लाभ मोठा.

टायर आणि घसर. बंधूंनो, येथे जरा थांबू या, कारण नांगरटीत सर्वांत जास्त डिझेल येथे वाया जाते आणि ते कोणाला दिसत नाही. मागच्या चाकावर खडूने खूण करावी. नांगर उचलून, रिकामा ट्रॅक्टर त्याच रानातून चालवावा आणि चाकाच्या दहा फेऱ्यांत किती अंतर कापले ते टेपने मोजावे. मग नांगर जमिनीत घालून, त्याच गिअरमध्ये, पुन्हा दहा फेऱ्यांचे अंतर मोजावे. अण्णांच्या ट्रॅक्टरने रिकामा असताना बेचाळीस मीटर कापले आणि नांगर लावल्यावर बत्तीस. दहा मीटर कमी. बेचाळिसात दहा म्हणजे शेकडा चोवीस घसर. तासातली चौदा मिनिटे चाक जागच्या जागी फिरत होते आणि त्या चौदा मिनिटांचेही डिझेल जळत होते. नांगरटीत घसर शेकडा दहा ते पंधरा असावी. अजिबात घसर नसेल तर ट्रॅक्टर गरजेपेक्षा जड झाला आहे, आणि ते वजन वाहायलाही डिझेल लागते.

एवढी घसर आली कोठून? ऊस वाहतुकीसाठी दिवाळीनंतर मागच्या टायरांत बावीस पौंड हवा भरली होती आणि चाकांची लोखंडी वजने काढून ठेवली होती. सडकेवर ते योग्यच. सडकेवर हवा कमी असेल तर टायर दबतो, ओढ वाढते आणि टायरही खराब होतो. ट्रॉलीच्या टायरांनाही हाच नियम. पण शेतात घट्ट टायर जमिनीला पुरता टेकत नाही. त्याची पकड सुटते. नांगरटीला मागच्या टायरांत साधारण बारा ते पंधरा पौंड हवा पुरते. आपल्या टायरचा नेमका आकडा पुस्तिकेत पाहावा. ऊस संपला, नांगरट सुरू झाली, पण हवा आणि वजने तशीच राहिली होती. आम्ही हवा चौदा पौंडांवर आणली आणि वजने परत बसवली. दहा फेऱ्यांत आता छत्तीस मीटर अंतर कापले जाऊ लागले. घसर शेकडा चौदावर आली. एकरी डिझेल सव्वादहावरून नऊवर उतरले. यासाठी खर्च काहीच आला नाही.

वजने नसतील तर टायरमध्ये पाणी भरता येते, पण व्हॉल्व्ह वरच्या बाजूला ठेवून तीन चतुर्थांशपर्यंतच. वाहतुकीच्या दिवसांत ते काढावे. टायरच्या कातळ्या झिजून गुळगुळीत झाल्या असतील तर मात्र हवेने भागत नाही. टायर बसवताना त्यावरचा बाण फिरण्याच्या दिशेला आहे ना, तेही पाहावे. उलटा बसलेला टायर पकड धरत नाही.

अवजार आणि खोली. येथे मला स्वतःची चूक कबूल केली पाहिजे. आदल्या वर्षी त्याच गावच्या सभेत मी खोल नांगरटीचे फायदे सांगितले होते. अण्णांनी ते मनावर घेतले आणि आठ इंचांऐवजी दहा इंच नांगरायला लावले. त्याला डिझेल किती जास्त लागेल, हे मी सांगितले नव्हते. हिशोब सोपा आहे. एक एकरात एक इंच जास्त खोल जाणे म्हणजे सुमारे शंभर घनमीटर माती अधिक उलटणे. वजनाने ती सव्वाशे टनांच्या आसपास भरते. दोन इंच म्हणजे अडीचशे टन. ही माती कोणी फुकट उलटत नाही. खोल नांगरट दोन-तीन वर्षांतून एकदा, गरज असलेल्या तुकड्यात करावी. दरवर्षी सगळ्या रानाला ती लागत नाही.

फाळही पाहिला. टोक झिजून बोथट झाले होते. असा फाळ जमिनीत शिरत नाही, म्हणून टॉपलिंक आवळून नांगराचे नाक खाली दाबले जाते आणि ओढ आणखी वाढते. नांगर एका बाजूला ओढत असेल आणि ड्रायव्हरला सारखे स्टिअरिंग धरून ठेवावे लागत असेल तर जोडणी चुकली आहे असे समजावे. रोटावेटरची झिजलेली पातीही असेच डिझेल खातात. आम्ही फाळ बदलला, टॉपलिंक नीट लावली आणि खोली आठ इंचांवर आणली. एकरी नऊचे पावणेआठ लिटर झाले.

येथे आमचे काम संपले. साडेदहाचे पावणेआठ झाले आणि वर्षापूर्वीच्या साडेसातात व त्यात आता पाव लिटरचाच फरक उरला. एवढा फरक टाकी भरण्यातच पडू शकतो. वाचलेल्या पावणेतीन लिटरांना आपल्या नांगरटीच्या एकरांनी आणि आजच्या भावाने गुणून पाहावे.

आणखी काही जागा

अण्णांच्या ट्रॅक्टरात न सापडलेले, पण इतरत्र नेहमी आढळणारे दोष थोडक्यात सांगतो.

गिअर आणि रेस : हलक्या कामाला वरचा गिअर आणि कमी रेस ठेवावी. पण इंजिन दबून काळा धूर टाकू लागले तर लगेच खालचा गिअर घ्यावा. बांधावर गप्पा मारताना इंजिन चालू ठेवू नये. नुसते उभे असलेले इंजिनही तासाला लिटरभर डिझेल जाळते. शेत लांबीच्या बाजूने नांगरावे, म्हणजे वळणे कमी होतात. आणि वाफसा साधावा. फार वाळलेल्या रानात ढेकळे फोडायला डिझेल जाते, फार ओल्यात चाक घसरते.

ब्रेक आणि क्लच : सडकेवर दोन किलोमीटर ब्रेक न लावता चालवून, थांबल्यावर दोन्ही बाजूंच्या ब्रेकच्या जागी हात जवळ नेऊन पाहावे. एक बाजू जास्त तापलेली असेल तर ब्रेक धरून राहतो आहे. क्लचवर पाय ठेवून चालवायची सवय मोडावी. रेस वाढते पण वेग वाढत नाही आणि जळका वास येतो, तेव्हा क्लच घसरतो आहे.

तापमान : ट्रॅक्टर तापतो म्हणून काही मिस्त्री थर्मोस्टॅट काढून टाकतात. मग इंजिन गरम व्हायच्या जागी गारच राहते, आणि गार इंजिन डिझेल जास्त घेते, झिजतेही लवकर. काटा हिरव्या पट्ट्यात येतच नसेल तर हे विचारून पाहावे. तापत असेल तर रेडिएटरची जाळी आणि पट्टा पाहणे हा खरा उपाय.

धूर : सकाळी सुरू करताना थोडा पांढरा धूर येणे साहजिक आहे. सतत काळा धूर म्हणजे हवा कमी, ओझे जास्त किंवा नोझल-पंपाचा दोष. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. गरम झाल्यावरही पांढराच धूर राहत असेल तर डिझेल न जळता बाहेर पडते आहे किंवा पाणी आत जाते आहे.

नोझल आणि पंप : हे सर्व पाहून झाल्यावरच यांच्याकडे वळावे. नोझल तपासणे आणि पंप बसवणे हे यंत्रावरचे काम आहे, ते जाणत्या दुकानातच करावे. ताकद वाढावी म्हणून पंपाचे सील तोडून डिझेल वाढवून घेण्याची खोड काही ठिकाणी आहे. तसे कोणी केले आहे का ते आठवावे. तेवढे डिझेल जाळायला हवा तेवढीच असते, म्हणून उरलेले धुरातून जाते. नोझलचा फवारा कधीही हातावर घेऊ नये. तो दाबाने कातडीत शिरतो आणि बोट गमावण्याची पाळी येते. पन्नास अश्वशक्तीवरच्या नव्या ट्रॅक्टरांना जानेवारी २०२३ पासून प्रदूषणाचे कडक नियम लागू आहेत. त्यांच्या इंधन यंत्रणेवर इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असते. तिला घरी पाना लावू नये.

डिझेल : शंका असेल तर पंपावर भांडण्याआधी माप मागावे. पाच लिटरचे शिक्क्याचे माप पंपावर असते आणि गिऱ्हाइकाला ते मागून तपासता येते. घनताही तपासून मागता येते. पावती जपून ठेवावी. घरी पिंप असेल तर ते थोडे तिरके ठेवावे, डिझेल एक दिवस निवळू द्यावे आणि तळातले काढू नये. टाकी संध्याकाळी भरावी, म्हणजे रात्री आत दव धरत नाही.

नवा किंवा जुना ट्रॅक्टर घेणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. मध्य प्रदेशात बुदनी येथे केंद्र सरकारची कृषी यंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्था आहे. तेथे ट्रॅक्टरच्या चाचण्या होतात आणि अहवालात डिझेलच्या खपाचे आकडे असतात. विक्रेत्याच्या तोंडच्या आकड्यापेक्षा तो अहवाल मागून पाहावा.

मोटारसायकलचे अॅव्हरेज पडले तरी रीत हीच. गाडी मधल्या स्टँडवर लावून मागचे चाक हाताने फिरवावे. ते मोकळे फिरत नसेल तर ब्रेक किंवा साखळी आवळलेली आहे. मग टायरची हवा, एअर फिल्टर आणि क्लच. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत चोक ओढलेला राहिला नाही ना, तेही पाहावे. इंजिन त्यानंतर.

वहीचे एक पान

एक वही घालावी. तारीख, काम, क्षेत्र, खोली, टायरची हवा, डिझेल आणि चालवणारा कोण, एवढे सात रकाने पुरेत. वही नको असेल तर दिनदर्शिकेचा चौकोनही चालतो. माझ्या भगिनींना मुद्दाम सांगतो, दुधाचा आणि किराणाचा हिशोब तुम्ही ठेवताच, त्यात डिझेलचा आकडा घाला. त्या घरात वहिनींनी तो लिहिला नसता तर मीही त्या दिवशी चहा घेऊन परत आलो असतो.

आता राहिली ड्रायव्हरची गोष्ट. मोजमाप झाले त्या संध्याकाळी अण्णा त्याला म्हणाले, "झाले ते झाले. पाडव्यापासून पुन्हा ये." तो म्हणाला, "अण्णा, कामाचे काय, कुठेही मिळेल. पण माझी पोरगी शाळेत जाते. तिला पोरे विचारतात." मी काही बोललो नाही. बोलण्यासारखे नव्हतेच.

पाडव्याच्या आदल्या दिवशी अण्णा पारावर गेले. आधी ज्यांच्यासमोर बोलले होते, त्यांना बसवून घेतले आणि डिझेल कोठे गेले ते टायर, फाळ आणि खोलीच्या आकड्यांसह सांगितले. शेवटी म्हणाले, "चूक माझी. माणसाची नव्हे." साठीच्या माणसाला गावासमोर हे बोलणे सोपे नसते. ड्रायव्हर त्या पाडव्याला आला नाही. त्याने दुसरीकडे शब्द दिला होता आणि तो पाळला. यंदाच्या पाडव्यापासून मात्र तो पुन्हा अण्णांच्या ट्रॅक्टरवर आहे. टाकीचे कुलूप काढलेले आहे.

तेव्हा या उन्हाळ्यात डिझेल जास्त लागले असे वाटले, तर टाकी भरून, एकर मोजून, चाकावर खडूची खूण करूनच बोलावे. मोजूनही हिशोब लागला नाही तर वहीचे पान घेऊन आपल्या पंचायत समितीतल्या कृषी विस्तार अधिकाऱ्याकडे जावे. पुढच्या अंकी पेरणीपूर्वी घरच्या बियाण्याची उगवण कशी तपासावी ते पाहू. तोवर मागच्या टायरांची हवा तेवढी तपासून ठेवा.